काम नसलेला होम सर्व्हर आपोआप कसा झोपवावा

घरातला सर्व्हर चोवीस तास चालू असतो, पण त्याच्याकडून खरं काम घेतलं जातं ते जेमतेम चार-पाच तास. संध्याकाळी कुणी सिनेमा लावतं, रात्री फोनमधले फोटो वर चढतात, मध्येच कधीतरी एखादी जुनी फाइल शोधली जाते. बाकीचा वेळ पंखे फिरतात, डिस्क फिरतात आणि त्यांच्यासोबत विजेचा मीटरही.

यंत्र झोपवायला एकच आज्ञा पुरते. डोकं लागतं ते आता खरंच कुणाला याची गरज नाही हे ओळखायला, आणि गरज पडली की ते दहा-पंधरा सेकंदांत हजर होईल अशी सोय करायला. या दोन्ही गोष्टी नीट जमल्या नाहीत तर घरातले लोक वैतागतात आणि आठवडाभरात सगळी व्यवस्था बंद पडते. म्हणून इथे क्रम जरा उलटा ठेवला आहे: आधी उठवणं, मग झोपवणं, आणि आपोआप झोपवणं अगदी शेवटी.

उदाहरणं लिनक्सची आहेत, त्यातही डेबियन घराण्यातली आणि सिस्टमडी (सेवा आणि त्यांच्या वेळा सांभाळणारा भाग) असलेली. आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी मोजा, मग ठरवा

एक वॉटचं उपकरण वर्षभर अखंड चालू राहिलं तर ८.७६ युनिट वीज लागते. हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचं गणित तोंडी होतं. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळवा आणि चार आकडे लिहून घ्या: सर्व्हर रिकामा पण डिस्क फिरत असताना, डिस्क थांबलेल्या असताना, सस्पेंडमध्ये (झोपवलेला) असताना, आणि पूर्ण बंद पण प्लग लावलेला असताना. प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेल्या वॉटवरून अंदाज बांधू नका. तो आकडा भाराखाली निघणाऱ्या उष्णतेचा असतो, रिकाम्या अवस्थेबद्दल तो काहीच सांगत नाही.

समजा सर्व्हर रिकामा असताना ४५ वॉट घेतो. वर्षाला झाले ३९४ युनिट. तो रोज पाच तास जागा राहिला आणि उरलेले एकोणीस तास ३ वॉटवर झोपला, तर दिवसाला २८२ वॉट-तास लागतात, म्हणजे वर्षाला साधारण १०३ युनिट. जवळपास तीन चतुर्थांश वीज वाचली. आता हेच गणित ८ वॉटच्या मिनी पीसीला लावून बघा. त्याचा वर्षभराचा खर्चच ७० युनिट आहे आणि झोपवून त्यातले पस्तीसच्या आसपास वाचतील. एवढ्यासाठी ही सगळी खटपट करावी का? माझं मत विचाराल तर नाही.

मधल्या गटातल्या यंत्रांनी आधी सोपे उपाय करून पाहावेत. ‘पॉवरटॉप’ हे साधन ऑटो-ट्यूनच्या पर्यायासह चालवलं की अनेक उपकरणांच्या वीजबचतीच्या सोयी सुरू होतात. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी साधारण ४ ते ६ वॉट घेते, त्यामुळे चार डिस्कचा भार वीस वॉटच्या घरात जातो. ‘एचडीपार्म’च्या मोठ्या एस पर्यायाला २४१ ही किंमत दिली की डिस्क अर्धा तास रिकामी राहिल्यावर थांबते. (त्या पर्यायाची मोजणी विचित्र आहे: २४० पर्यंतचा प्रत्येक अंक पाच सेकंदांचा आणि २४१ पासून पुढचा अर्ध्या तासाचा.) एवढ्याने यंत्र पंधरा वॉटच्या खाली आलं तर इथेच थांबलात तरी चालेल.

मोजणीबरोबरच आणखी एक यादी करा: या सर्व्हरवर असं काय चालतं ज्याला झोपून चालणारच नाही? जाहिराती अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), घरातली ऑटोमेशन, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, बाहेरून घरच्या नेटवर्कवर येण्याचा सुरक्षित रस्ता म्हणजे व्हीपीएन. ही कामं मोठ्या यंत्रावर असतील तर ते कधीच झोपू शकणार नाही. ती राउटरवर किंवा रास्पबेरी पायसारख्या तीन-चार वॉटच्या बोर्डावर हलवा. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग जड असल्यामुळे हलवता येत नसेल, तर तुमचा सर्व्हर रिकामा कधी नसतोच, आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

झोपेचे प्रकार

एसीपीआय या संगणकाच्या वीजनियंत्रणाच्या मानकात झोपेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. एस-३ म्हणजे नेहमीचं सस्पेंड: मेमरीला थोडी वीज मिळत राहते, बाकी बहुतेक सगळं बंद. एस-४ म्हणजे हायबरनेट: मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र बंद होतं. एस-५ म्हणजे शटडाउन. याशिवाय नव्या यंत्रांत ‘एस-टू-आयडल’ नावाची हलकी झोप असते. तिच्यात यंत्र झोपल्यासारखं दिसतं, पण वीज एस-३ पेक्षा जास्त घेतं.

तुमच्या यंत्रात काय आहे हे ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ या फाइलमध्ये दिसतं. तिथे ‘डीप’ हा शब्द असेल तर एस-३ उपलब्ध आहे, आणि तो चौकटी कंसात असेल तर सध्या तोच निवडलेला आहे. नसेल तर बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘सस्पेंड मोड’सारखी एखादी नोंद शोधा.

माझी पहिली पसंती एस-३ ला. यंत्र काही सेकंदांत उठतं, आणि डिस्क फिरून तयार व्हायला लागतील तेवढीच वाट बघावी लागते. मुख्य म्हणजे सगळे प्रोग्रॅम होते तिथून पुढे चालू होतात. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण शटडाउननंतर प्रत्येक वेळी पासफ्रेज द्यावा लागतो, सस्पेंडमध्ये किल्ली मेमरीतच राहते. आता किल्ली मेमरीत राहणं हीच ज्याला जोखीम वाटते त्याने शटडाउन निवडावं आणि बूट होताना दुरून पासफ्रेज देण्यासाठी ड्रॉपबेअर हा दुरून लॉगिन करू देणारा छोटा प्रोग्रॅम बसवावा.

काही यंत्रांना मात्र एस-३ मानवत नाही. सर्व्हरसाठी बनवलेल्या अनेक मदरबोर्डांत ही सोयच नसते, आणि काही स्टोरेज कार्डं झोपेतून उठल्यावर डिस्क ओळखत नाहीत. तिथे सरळ शटडाउन वापरा. अशा बोर्डांवर बीएमसी नावाचा छोटा नियंत्रक असतो. तो कायम जागा असतो आणि ‘आयपीएमआयटूल’ने त्याला सांगितलं की यंत्र सुरू होतं. पण तो स्वतःही काही वॉट खातो, तेव्हा पूर्ण बंद अवस्थेतला मोजलेला आकडा पुन्हा बघा. शिवाय अशा बोर्डांना बूट व्हायला दोन-तीन मिनिटं सहज लागतात.

वारंवार बंद-चालू केल्याने डिस्क खराब होत नाही का, ही शंका नेहमी येते आणि ती रास्त आहे. अनेक ३.५ इंची डिस्कच्या माहितीपत्रकात ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याची मर्यादा दिलेली असते. रोज चार वेळा उठवलं तर वर्षाला १,४६० वेळा, म्हणजे ती मर्यादा गाठायला ३४ वर्षं लागतील. पण नियम चुकीचे बसवल्यामुळे सर्व्हर दर दहा मिनिटांनी झोपत-उठत राहिला, तर एकाच वर्षात ५२,५६० होतात. धोका झोपेत नाही, चुळबुळीत आहे. पुढे ‘किती वेळ वाट बघायची’ हा आकडा ठरवताना हे लक्षात ठेवा.

उठवण्याची सोय

वेक-ऑन-लॅनचं तंत्र नव्वदच्या दशकातलं आहे आणि अगदी साधं आहे. झोपलेल्या यंत्राचं नेटवर्क कार्ड अर्धवट जागं राहून एका विशिष्ट पॅकेटची वाट बघतं. या मॅजिक पॅकेटमध्ये आधी सहा बाइट्स सगळे एफएफ असतात, मग त्या कार्डाचा ओळखक्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस सोळा वेळा. एकूण १०२ बाइट्स. कार्डाला एवढा नमुना दिसला की ते बोर्डाला जागं करतं. आयपी अ‍ॅड्रेस, पासवर्ड वगैरेचा यात संबंध नाही.

बायोसमध्ये ही सोय कधी ‘वेक ऑन लॅन’ नावाने असते, कधी ‘पॉवर ऑन बाय पीसीआय-ई’ या नावाने. तिथेच ‘ईआरपी’ नावाची नोंद शोधा आणि ती बंद करा. युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमामुळे बंद उपकरणाचा वीजवापर २०१३ पासून अर्ध्या वॉटच्या आत ठेवणं भाग पडलं, आणि ईआरपी चालू केलं की बंद अवस्थेत बोर्ड नेटवर्क कार्डाचीही वीज तोडतो. वेक-ऑन-लॅन चालत नाही म्हणून आलेल्या तक्रारींत ही नोंद मी सर्वांत आधी तपासेन.

मग लिनक्समध्ये ‘ईथटूल’ला नेटवर्क कार्डाचं नाव देऊन चालवा. ‘सपोर्ट्स वेक-ऑन’ या ओळीत जी हे अक्षर हवं, म्हणजे कार्डाला मॅजिक पॅकेट समजतं. त्याखालच्या ‘वेक-ऑन’ ओळीत डी असेल तर सोय सध्या बंद आहे. ती जी करा. हा बदल रीबूटनंतर टिकेलच असं नाही. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर त्या जोडणीच्या वेक-ऑन-लॅन गुणधर्माला ‘मॅजिक’ ही किंमत द्या. सिस्टमडीची डॉट-लिंक फाइल वापरत असाल तर एक खाच आहे: जुळणारी पहिलीच लिंक फाइल लागू होते, त्यामुळे तुमची फाइल आली की मूळ ९९-डिफॉल्ट फाइल बाजूला पडते. तिच्यातल्या नाव ठरवण्याच्या ओळी तुमच्या फाइलमध्ये उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या बूटला कार्डाचं नावच बदललेलं असेल आणि सर्व्हर नेटवर्कवर दिसणार नाही.

त्या यादीत यू हे अक्षरही दिसेल: यंत्राच्या नावाने आलेल्या कुठल्याही पॅकेटवर उठायचं. मोह होतो, कारण मग वेगळं मॅजिक पॅकेट पाठवायलाच नको. पण घरातल्या नेटवर्कवर राउटर, टीव्ही, फोन सतत एकमेकांची चौकशी करत असतात. सर्व्हर रात्रभर दचकून उठत राहील. जीवरच थांबा.

आणि वायर लावा. वायफायवरून उठवण्याची सोय काही कार्डांत असते, पण तिच्यावर भरवसा ठेवावा अशी ती नाही.

हाताने झोपवून पाहा

पहिली चाचणी नेटवर्कशिवाय करा. ‘आरटीसीवेक’ या आज्ञेला ‘मेम’ हा मोड आणि १२० सेकंद द्या. यंत्र एस-३ मध्ये जाईल आणि दोन मिनिटांनी स्वतःच्या घड्याळावर उठेल. उठलं नाही, तर दोष झोपेत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे, वेक-ऑन-लॅनमध्ये नाही, एवढं तरी लगेच कळतं.

हे जमलं की ‘सिस्टमसीटीएल सस्पेंड’ द्या आणि दुसऱ्या यंत्रावरून ‘वेकऑनलॅन’ या आज्ञेला सर्व्हरचा मॅक अ‍ॅड्रेस देऊन उठवा. उठत नसेल तर यंत्राच्या मागे जाऊन नेटवर्क पोर्टाचा दिवा बघा. झोपेत तो पूर्ण विझलेला असेल तर कार्डाला वीजच मिळत नाही, म्हणजे परत बायोस. दिवा चालू असेल तर पॅकेट पोहोचत नसेल किंवा ईथटूलची किंमत परत डी झाली असेल.

दोन-चार वेळा उठवून समाधान मानू नका. रात्रभर झोपू द्या आणि सकाळी उठवा. उठल्यावर सगळ्या डिस्क जागेवर आहेत का, सांबाची शेअर्स (नेटवर्कवरून वाटलेले फोल्डर) उघडतात का, डॉकरचे कंटेनर (वेगवेगळ्या डब्यांत चालणारे प्रोग्रॅम) उत्तर देतात का, घड्याळ बरोबर आहे का, हे पाहा. जर्नलमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) ‘सस्पेंड एंट्री’ आणि ‘सस्पेंड एक्झिट’ अशा नोंदी सापडतात; त्यांच्यामध्ये लाल रंगातल्या चुका आहेत का तेही बघून घ्या.

झोपताक्षणी यंत्र पुन्हा उठत असेल तर ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ ही फाइल उघडा. उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी तिथे असते. बहुतेक वेळा आरोपी एखादा यूएसबी कंट्रोलर निघतो. त्याचं नाव त्याच फाइलमध्ये लिहिलं की परवानगी उलटते. रीबूटनंतर ती परत मूळ पदावर येते, म्हणून हे काम बूट होताना करणारी छोटी सर्व्हिस बनवावी लागते. पुन्हा लिहिलं की परवानगी पुन्हा उलटेल, तेव्हा सर्व्हिसने आधी सध्याची स्थिती तपासावी.

‘रिकामा’ कुणाला म्हणायचं

सिस्टमडीच्या लॉगइंडी या भागात ‘आयडल-अ‍ॅक्शन’ नावाची तयार सोय आहे आणि अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. ती डेस्कटॉपसाठी ठीक आहे. तिला फक्त लॉगिन केलेल्या सत्रांमधली हालचाल कळते. टीव्हीवर सांबामधून सिनेमा चालू आहे, पण सर्व्हरवर कुणी लॉगिन केलेलं नाही. लॉगइंडीच्या दृष्टीने यंत्र रिकामं. सर्व्हरचं रिकामेपण वेगळ्या खुणांवरून ओळखावं लागतं, आणि प्रत्येक खुणेत एकेक फसवणूक दडलेली असते.

एसएसएचची, म्हणजे दुरून केलेल्या लॉगिनची, खूण सर्वांत सोपी. ‘हू’ ही आज्ञा कोण आत आहे ते सांगते. टीमक्समध्ये (बाहेर पडल्यावरही चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) काही लांबलचक काम सोडून तुम्ही बाहेर पडलात तर मात्र ते इथे दिसेलच असं नाही.

सांबाच्या बाबतीत फक्त ४४५ पोर्टावरची जोडणी बघून चालत नाही. एकदा शेअर उघडलेला लॅपटॉप दिवसभर जोडणी धरून बसतो. ‘एसएमबीस्टेटस’ रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा आणि उघड्या फाइलींची यादी बघा. फाइल उघडी असेल तरच काम चालू समजा. सांबाच्या सेटिंगमध्ये ‘डेडटाइम’ पंधरा मिनिटं केली तर फाइल न उघडता नुसत्या लटकलेल्या जोडण्या सर्व्हर स्वतः तोडतो.

एनएफएस ही फाइली वाटण्याची दुसरी पद्धत याहून अवघड. सर्व्हरचा फोल्डर जोडून (माउंट करून) बसलेला क्लायंट, म्हणजे दुसरा संगणक, काहीही न करता थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरला आपण जिवंत असल्याचं कळवत राहतो, म्हणून २०४९ पोर्टावरची जोडणी कायमच जिवंत दिसते. उलट सर्व्हर झोपला की त्या क्लायंटवर तो फोल्डर उघडणारा प्रोग्रॅम गोठतो. दोन्हींवर इलाज एकच: क्लायंटच्या बाजूला सिस्टमडीचं ऑटोमाउंट लावा आणि त्याला दहा मिनिटांची आयडल मुदत द्या. वापर संपला की माउंट निघून जातं, आणि मग २०४९ वरची जोडणी हीच विश्वासार्ह खूण होते.

जेलीफिनसारख्या मीडिया सर्व्हरला थेट विचारता येतं. त्याच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने विचारणा करण्याच्या सोयीत) सेशन्सची यादी मिळते; एखाद्या सेशनमध्ये ‘नाऊ प्लेइंग आयटम’ असेल तर कुणीतरी बघतंय. नेटवर्कवरच्या वाहतुकीपेक्षा ही खूण चांगली, कारण सिनेमा मध्येच थांबवून लोक जेवायला बसले की वाहतूक शून्य होते, पण सेशनमध्ये सिनेमाचं नाव टिकून असतं. परत येऊन प्ले दाबलं आणि सर्व्हर झोपलेला सापडला, की तुमच्या या प्रयोगाबद्दल घरात काय बोललं जाईल ते सांगायला नको.

नेटवर्कची वाहतूक ही सगळ्यांत खालची जाळी म्हणून ठेवा, म्हणजे वरच्या तपासण्यांत न सापडलेलं काम तिच्यात अडकेल. ‘/सिस/क्लास/नेट’ खाली कार्डाच्या नावाच्या फोल्डरात ‘स्टॅटिस्टिक्स’ आहे, त्यात आलेल्या-गेलेल्या बाइट्सचे आकडे असतात. पाच मिनिटांच्या फरकाने दोनदा वाचले की वेग निघतो. मर्यादा मात्र मनाने ठरवू नका. कुणीही काही वापरत नसताना मोजा. तेव्हाही थोडी कुजबुज चालूच असते. त्या आकड्याच्या चार-पाच पट ही सुरुवातीची मर्यादा बरी.

लोड अ‍ॅव्हरेज (यंत्रावरचा सरासरी भार) बघायला हरकत नाही, पण लिनक्समध्ये त्यात प्रोसेसरसाठी थांबलेल्यांबरोबर डिस्कच्या वाटेवर अडकलेले प्रोसेसही मोजले जातात. पाच मिनिटांचा आकडा घ्या, आणि तोही आधी शांत वेळेत बघून.

रेडची (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटाची) फेरतपासणी चालू असेल तर ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये टक्केवारी दिसते, झेडएफएस या फाइलव्यवस्थेचा स्क्रब, म्हणजे तशीच तपासणी, ‘झीपूल स्टेटस’मध्ये. पॅकेजेस अद्ययावत होत असतील तर एपीटी किंवा डीपीकेजी हा प्रोसेस चालू असतो. शटडाउनचा मार्ग निवडला असेल तर ही शेवटची तपासणी अजिबात वगळू नका. अपडेट अर्ध्यावर असताना यंत्र बंद झालं तर पॅकेजेस अर्धवट बसलेली राहतात.

बॅकअपसारख्या तुमच्या स्वतःच्या कामांसाठी अंदाज बांधायची गरजच नाही. ती ‘सिस्टमडी-इनहिबिट’च्या आत चालवा. काम संपेपर्यंत झोपेला अडथळा नोंदलेला राहतो आणि संपताच आपोआप निघतो. झोपवणारी आज्ञा स्क्रिप्टमधून, रूट म्हणून दिली जाणार असल्याने तिच्यात ‘चेक-इनहिबिटर्स’ हा पर्याय ‘येस’ करा, म्हणजे हे अडथळे नक्की पाळले जातील.

शेवटी माणसासाठी एक पळवाट ठेवा. ‘/रन’ फोल्डरात ‘जागा-राहा’ अशा अर्थाची एखादी रिकामी फाइल असेल तर सर्व्हरने झोपायचं नाही. ‘/रन’ मेमरीत असल्यामुळे रीबूटनंतर ती फाइल उरत नाही. आणि ती बारा तासांपेक्षा जुनी असेल तर स्क्रिप्टने तिच्याकडे दुर्लक्ष करावं, कारण अशा फाइली काढायला माणसं विसरतातच.

स्क्रिप्टचा सांगाडा

सिस्टमडीचा टायमर दर पाच मिनिटांनी एक स्क्रिप्ट चालवेल. तिची रचना अशी:

१. वरच्या तपासण्या एकामागून एक करा. पहिलं कारण सापडलं की थांबा, ते कारण लॉगमध्ये एका ओळीत लिहा, आणि ‘/रन’मधल्या मोजणीच्या फाइलमध्ये शून्य लिहून बाहेर पडा.
२. एकही कारण सापडलं नाही तर मोजणी एकने वाढवा.
३. मोजणी सहाच्या खाली असेल तर बाहेर पडा. सहा फेऱ्या म्हणजे अर्धा तास.
४. पुढच्या वीस मिनिटांत एखादं ठरलेलं काम असेल तर बाहेर पडा.
५. मोजणी शून्य करा, मगच सस्पेंडची आज्ञा द्या.

पाचव्या पायरीतला क्रम महत्त्वाचा आहे. मोजणी झोपण्याआधी शून्य झाली नाही, तर यंत्र उठल्यावर पहिल्याच फेरीत जुना आकडा वाचून परत झोपेल आणि तुम्हाला लॉगिन करायलाही वेळ मिळणार नाही. आधी शून्य केल्याने उठल्यानंतरचा अर्धा तास आपोआप मोकळा मिळतो.

दुसरा नियम: कुठलीही तपासणी फसली, जेलीफिनने उत्तर दिलं नाही किंवा एसएमबीस्टेटस अडखळलं, तर त्याचा अर्थ ‘काम चालू आहे’ असाच घ्या. चुकून जागं राहिलं तर थोडी वीज जाते. चुकून झोपलं तर कुणाचं तरी काम मोडतं.

पहिला आठवडा पाचव्या पायरीवर सस्पेंडच्या जागी लॉगमध्ये फक्त ‘आता झोपलो असतो’ असं लिहा. मग तो लॉग आणि घरातल्यांचा खरा वापर जुळवून बघा. कुणी सिनेमा बघत असताना ती ओळ आली असेल तर एखादी खूण निसटली आहे. ओळ कधीच आली नसेल तर कारणांची नोंद वाचा. तिथे एकच नाव पुन्हा पुन्हा दिसेल. बऱ्याचदा ते लक्ष ठेवणाऱ्या एखाद्या मॉनिटरचं असतं, जो दर मिनिटाला सर्व्हरचं पान उघडून ‘जिवंत आहेस ना?’ विचारतो आणि त्या विचारण्यानेच त्याला जागं ठेवतो. त्याला साधं पिंग करायला लावा किंवा या यंत्रापुरता गप्प करा.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर डेबियनच्या भांडारात ‘ऑटोसस्पेंड’ नावाचं पायथनमधलं साधन आहे. सांबा, लोड, नेटवर्कचा वेग, सुरू असलेल्या जोडण्या, ठरावीक प्रोसेस, अशा बहुतेक तपासण्या त्यात तयार आहेत आणि पुढच्या कामासाठी उठण्याची वेळही ते लावून ठेवतं. ओपनमीडियाव्हॉल्टसाठी ‘ऑटोशटडाउन’चं प्लगइन आहे, अनरेडसाठी एस-३ स्लीपचं. सिनॉलॉजीच्या अनेक यंत्रांत डिस्क हायबरनेशनच्या सेटिंगजवळच आपोआप बंद होण्याचा पर्याय मिळतो. साधन कुठलंही असो, ‘रिकामा कुणाला म्हणायचं’ हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

रात्रीची कामं

झोपलेल्या सर्व्हरवर क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप होणारी) कामं चुकतात, आणि ती चुकल्याचं कुणी सांगत नाही. डेबियनमध्ये रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि झेडएफएसचा स्क्रब दुसऱ्या रविवारी लावलेला असतो, तोही मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे यंत्र हमखास झोपलेलं असताना. क्रॉनमधली महत्त्वाची कामं सिस्टमडी टायमरवर आणा. ‘पर्सिस्टंट’ चालू केलं की चुकलेलं काम उठल्यावर होतं. ‘वेक-सिस्टम’ चालू केलं की त्या वेळी यंत्र सस्पेंडमधून स्वतः उठतं.

वेक-सिस्टम फक्त सस्पेंडमधून उठवतं, शटडाउनमधून नाही. शटडाउन वापरणाऱ्यांनी बंद होण्याआधी ‘/सिस/क्लास/आरटीसी/आरटीसी०/वेकअलार्म’मध्ये आधी शून्य आणि मग उठायची वेळ लिहायची. ती वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत द्यावी लागते. ‘डेट’ या आज्ञेकडून ती काढून घ्या.

सगळी रात्रीची कामं एकाच वेळेला आणून एकामागून एक लावा. अडीचला बॅकअप, चारला स्क्रब, साडेपाचला आणखी काही, असं विखुरलं तर यंत्र रात्रभर उठबस करत राहील. आणि उठल्या उठल्या नेटवर्क तयार नसतं, तेव्हा बाहेर काही पाठवणाऱ्या कामाला सुरुवातीला अर्धा मिनिट थांबायला सांगा.

घरातल्यांना ते कळूही नये

झोपलेला सर्व्हर वापरायला टर्मिनल उघडावं लागत असेल तर तो घरात फक्त तुमच्याच उपयोगाचा. फोनवर वेक-ऑन-लॅनचं अ‍ॅप टाकून मुख्य स्क्रीनवर शॉर्टकट द्या. कोडी या मीडिया प्लेअरमध्ये वीजबचतीच्या सेटिंगखाली दूरचा सर्व्हर वापरताना त्याला उठवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. डेस्कटॉपवर लॉगिन होताच मॅजिक पॅकेट जाईल अशी एका ओळीची स्क्रिप्ट लावा. लॅपटॉपचा बॅकअप सर्व्हरकडे जात असेल तर त्याच्या आधीही हेच पॅकेट पाठवा आणि सर्व्हर उत्तर देईपर्यंत थांबा. कायम जाग्या असलेल्या छोट्या बोर्डावर ‘सर्व्हर उठवा’ असं एकच बटण असलेलं पान ठेवलं, तर पाहुण्यांनाही ते वापरता येतं.

बाहेरून उठवायचं असेल तर राउटरवर पोर्ट उघडून इंटरनेटवरून पॅकेट पाठवण्याच्या कृती सापडतील. त्या करू नका. सुरक्षेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्या भरवशाच्या नाहीत: झोपलेला सर्व्हर राउटरच्या ‘हा आयपी कुणाचा?’ या एआरपी चौकशीला उत्तर देत नाही, थोड्या वेळाने राउटर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस विसरतो आणि पॅकेट वाटेतच संपतं. राउटरवर किंवा छोट्या बोर्डावर वायरगार्डचं व्हीपीएन ठेवा. घरात शिरा, आणि तिथून घरच्या नेटवर्कवर मॅजिक पॅकेट ब्रॉडकास्ट करा, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवा.

वीज गेली तर

सस्पेंडमध्ये असताना वीज गेली तर मेमरी पुसली जाते. झोपताना लिनक्स डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतो, त्यामुळे फाइलींचं सहसा नुकसान होत नाही, पण यंत्र बंद पडतं. काही बोर्डांत एकदा वीज जाऊन आली की यंत्र एकदा सुरू होईपर्यंत वेक-ऑन-लॅन चालतच नाही, आणि तुम्ही बाहेरगावी असाल तर हातात काहीच उरत नाही. यासाठी बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ या नोंदीला ‘पॉवर ऑन’ द्या. वीज आली की सर्व्हर बूट होईल, कुणी वापरत नसेल तर अर्ध्या तासाने आपणहून झोपेल, आणि नेटवर्क कार्ड पुन्हा पॅकेटची वाट बघायला लागेल. यूपीएस असेल तर ३ वॉटचा भार तो बराच वेळ पेलतो. मात्र झोपलेल्या सर्व्हरला यूपीएसची बॅटरी संपत आल्याचं कळत नाही. तशी वेळ आली की आधी मॅजिक पॅकेट आणि मग शटडाउनची आज्ञा पाठवण्याचं काम जाग्या बोर्डाकडे द्या.

पहिल्या महिन्यानंतर वीजमापकावरचे एकूण युनिट दिवसांनी भागा आणि सुरुवातीच्या मोजणीशी ताडून बघा. बचत अपेक्षेपेक्षा कमी असेल तर जर्नलमधून रोजची ‘सस्पेंड एंट्री’ किती वेळा झाली ते काढा. आकडा आठ-दहाच्या वर असेल तर वाट बघण्याचा काळ अर्ध्या तासावरून पाऊण तास करा. आकडा शून्य किंवा एक असेल तर स्क्रिप्टच्या लॉगमध्ये सगळ्यांत जास्त वेळा आलेलं कारण शोधा आणि दुरुस्ती तिथून सुरू करा.